अंगकतनची फारखती

मनिलाच्या रिझाल उद्यानाला लागून मानववंशशास्त्राचे जे राष्ट्रीय संग्रहालय आहे, त्याची उंच खांबांची भव्य इमारत अमेरिकी अमदानीत वित्तखात्याच्या कचेरीसाठी उभारली गेली होती, हे मला तेथे जाईपर्यंत ठाऊक नव्हते. आणि ज्या वस्तूच्या दर्शनासाठी मी एवढा समुद्र ओलांडून आले होते ती एका जुन्या कर्जाच्या निरसनाचा दस्तऐवज असल्यामुळे, ती अखेर योग्य त्या दप्तरी येऊन पोहोचली आहे असेच मला वाटले. काचेच्या पेटीत तांब्याचा एक पातळ, काळवंडलेला पत्रा ठेवलेला होता. लांबी जेमतेम दीड वीत, रुंदी वीतभर, आणि त्यावर कोरलेल्या दहा ओळी. 1989 साली लगूना प्रांतातील मोठ्या सरोवराला मिळणाऱ्या लुंबान नदीच्या मुखाशी वाळूचा उपसा चालू असताना तो एका मजुराच्या हाती लागला, आणि मिंदोरो बेटावर मांग्यान लोकांत आयुष्य घालवलेल्या आंतून पोस्तमा या डच अभ्यासकाने त्याचे वाचन करून 1992 साली ते प्रसिद्ध केले, तेव्हा फिलिपीन देशाचा लिखित इतिहास एकाएकी सहा शतकांनी मागे गेला.

माझ्यासोबत एक बावीस वर्षांची मुलगी होती. मनिलात माझ्या राहण्याची ज्यांनी व्यवस्था केली होती त्या बाईंची ती भाची. त्याच सरोवराकाठच्या एका गावची. आणि दर शनिवारी गावातील मुलांना जुनी लिपी शिकवणारी. ती मला 'आते' म्हणत असे. तागालोग भाषेत आते म्हणजे थोरली बहीण. पण माझ्या कानाला प्रत्येक वेळी ती आपल्याकडची आत्याच ऐकू येई, आणि पहिल्या दिवसापासून तिच्याविषयी मला जी माया वाटू लागली तिचे थोडे श्रेय त्या हाकेलाही आहे. आमचे बोलणे चाले ते इंग्रजीत, म्हणजे जी तिचीही नव्हे आणि माझीही नव्हे अशा भाषेत.

तिने आपल्या वहीत त्या दहा ओळींचे लिप्यंतर उतरवून आणले होते. पहिली ओळ तिने बोट ठेवून वाचावयास सुरुवात केली आणि मी जागच्या जागी थबकले. स्वस्ति, शक 822, वैशाख मास, चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. जो शक पैठणच्या शालिवाहनाच्या नावाने आमच्या घरच्या पंचांगाच्या माथ्यावर छापलेला असतो, त्याच शकाने ख्रिस्तवर्ष 900 मधील एप्रिलची ती तिथी तेथे, सह्याद्रीपासून हजारो मैलांवर, तांब्यावर कोरलेली होती. क्षणभर अभिमान वाटला, हे मी नाकारीत नाही. परंतु तो अभिमान कसा चुकीच्या जागी पडतो आहे, हेही त्याच क्षणी मला कळले. कारण माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीचे बोट त्या ओळीवर थांबलेच नव्हते. ते पुढे सरकले होते, एका बाईच्या नावावर. तिथी जावा बेटाच्या वाटेने आली असेल, शब्द आमच्या संस्कृतातून गेले असतील. पण जिच्यासाठी तो पत्रा कोरला गेला ती त्यांची होती.

तिचे नाव अंगकतन. नामवरन नावाच्या एका प्रतिष्ठित गृहस्थाची ही मुलगी. बापाच्या माथ्यावर एक कट्टी आणि आठ सुवर्ण इतके सोन्याचे देणे होते, ते फिटले, आणि तोंदो येथील सेनापतीच्या वतीने जयदेव नावाच्या अधिकाऱ्याने या मुलीला व तिच्या बुकाह नावाच्या आप्ताला, कुटुंबाला आणि पुढील पिढ्यांना त्या देण्यातून मोकळे केल्याचा हा कागद, आपल्या पेशवाईच्या भाषेत सांगावयाचे तर फारखती. साक्षीदार आहेत, गावांची नावे आहेत, हुद्दे आहेत. आणि त्या देशातील सर्वांत जुन्या ज्ञात लेखात, तिथीच्या पाठोपाठ, पहिले नाव आहे ते एका स्त्रीचे; तेही कोणाची पत्नी म्हणून नव्हे, दस्तऐवजाची धनीण म्हणून. "पाहा," ती मुलगी म्हणाली, "अनाक हा शब्द. मूल. माझी आई आजही मला याच शब्दाने हाक मारते. आणि हा उतांग. ऋण. तोही आम्ही रोज वापरतो."

संग्रहालयातून बाहेर पडून आम्ही उद्यानातील एका झाडाखाली बसलो, तेव्हा तिने मला बायबायिन लिपीचा पहिला पाठ दिला. तीन स्वर आणि चौदा व्यंजने, एवढाच संसार. प्रत्येक व्यंजनात 'अ' मुळातच वसलेला, जसा आपल्या क, ख, ग मध्ये असतो. आणि 'इ' किंवा 'उ' हवा असेल तर अक्षराच्या डोक्यावर अथवा पायाशी एक ठिपका, ज्याला कुदलित म्हणतात. ब्राह्मीच्या दूरच्या लेकींपैकी ही एक लिपी, म्हणून तिची चाल माझ्या हाताला परकी वाटली नाही. फक्त एक गोष्ट निराळी. शब्दाच्या शेवटी येणारे अर्धे व्यंजन जुने लोक लिहीतच नसत. ते वाचणाऱ्याने ओघाने ओळखून म्हणावयाचे. स्पॅनिश धर्मोपदेशकांना याची मोठी अडचण वाटली, आणि 1620 च्या सुमारास फ्रान्सिस्को लोपेस नावाच्या एका पाद्र्याने अक्षराचा स्वर काढून टाकण्यासाठी त्याच्याखाली एक नवे चिन्ह योजले: छोटासा क्रूस. आपण ज्याला अक्षराचा पाय मोडणे म्हणतो ते काम तेथे क्रूसाकडे दिले गेले. लिहिणाऱ्या लोकांनी ते स्वीकारले नाही. काही दशकांत ती लिपीच वहिवाटीतून गेली; उरली ती मिंदोरोच्या मांग्यान लोकांत आणि पलावानच्या डोंगरांत तिची भावंडे, बांबूवर सुरीच्या टोकाने कोरलेली.

मला या माहितीत सर्वांत अधिक बोचले ते निराळेच. पेद्रो चिरिनो हा जेझुइट पाद्री 1604 साली लिहून ठेवतो की, या बेटांवर वाचता-लिहिता न येणारा पुरुष क्वचित आणि तशी स्त्री तर त्याहून क्वचित. त्याच्या कथनात अतिशयोक्ती आहे असे धरले तरी, आपल्या प्रजेची थोरवी वाढवून सांगण्यात त्याला फारसा लाभ नव्हता. आणि पुढे? पुढे 1888 सालच्या 12 डिसेंबरला मालोलोस गावच्या वीस तरुणींना, आम्हांला स्पॅनिश शिकण्यासाठी रात्रीची शाळा काढू द्यावी, असा अर्ज गव्हर्नर-जनरल वेइलरच्या हाती स्वतः नेऊन द्यावा लागला. गावच्या पाद्र्याने त्याला हरकत घेतली. परवानगी मिळाली ती शाळा स्वखर्चाने आणि दिवसाउजेडी चालवण्याच्या शर्तीवर. आणि ती शाळा काही महिन्यांतच बंद पडली. लंडनमध्ये असलेल्या देशभक्त लेखक होसे रिझालने या मुलींना तागालोगमध्ये एक दीर्घ पत्र पाठवले, ते आजही तेथे आदराने वाचले जाते. परंतु त्या पत्राहून मला तो अर्जच अधिक मोलाचा वाटतो. ज्यांच्या पणज्यांच्या पणज्या बांबूवर लिहीत होत्या त्या मुलींना अक्षरासाठी दरखास्त करावी लागावी, यात तीनशे वर्षांच्या अंमलाचा सगळा जमाखर्च येऊन गेला.

माझ्या सोबतिणीचे आडनावही स्पॅनिश. 1849 साली गव्हर्नर क्लाव्हेरियाच्या फर्मानाने छापील यादीतून रयतेला आडनावे वाटण्यात आली. कित्येक गावी तर यादीचे एखादे पानच वाट्याला आल्यामुळे गावातील सगळी आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात. तिने आपले संपूर्ण नाव माझ्या वहीत बायबायिनमध्ये लिहून दाखवले. नाव नीट बसले. आडनाव काही केल्या बसेना. जुन्या लिपीत 'ए' आणि 'इ' एकच, 'ओ' आणि 'उ' एकच, 'र' ला 'द' च्याच घरात राहावे लागते. ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली, आणि मग शांतपणे म्हणाली, "माझे नाव माझ्या अक्षरांत मावत नाही, आते. म्हणून मी आडनावापुढे एक मोकळी जागा सोडते."

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीने आम्ही उत्तरेच्या डोंगरांत निघालो. वाटेत तिने मला आईची हकीकत सांगितली. आई गेली अठरा वर्षे हाँगकाँगमध्ये लोकांच्या घरी काम करते. दुसऱ्यांची मुले तिने न्हाऊमाखू घातली, शाळेत पोहोचवली, आणि त्या मिळकतीवर ही मुलगी शिकली. फिलिपिनो माणसाच्या बोलण्यात 'उतांग ना लोओब' हा एक मोठा शब्दप्रयोग आहे. लोओब म्हणजे अंतःकरण, आणि उतांग म्हणजे तेच, तांब्याच्या पत्र्यावरचे ऋण. अंतःकरणाचे हे ऋण पैशाने फिटत नाही. ते आईबापांचे असते, गुरूचे असते. पण साडेतीन शतके ते ज्याने धर्म दिला त्याचे, ज्याने शाळा दिली त्याचे, ज्याने नोकरी दिली त्याचेही आहे, असे या लोकांना, आणि विशेषेकरून स्त्रियांना, पढवण्यात आले. मला त्या प्रवासात जेवढ्या तरुण बायका भेटल्या, त्यांची धडपड मी या एका शब्दाभोवती समजून घेतली. त्या ऋण नाकारीत नाहीत. सावकार कोण हे मात्र त्या नव्याने ठरवीत आहेत.

म्हणूनच 'बाबायलान' हा शब्द आज त्यांच्या ओठांवर आला आहे. विसाया बेटांतील या जुन्या पुरोहित स्त्रिया, ज्यांना तागालोग मुलखात कातालोनान म्हणत, रोग बरे करीत, पितरांशी बोलत, पेरणीचा मुहूर्त काढीत आणि गावाच्या प्रमुखाला सल्ला देत. पाद्र्यांनी त्यांना सैतानाच्या दासी ठरवले. आज मनिलातील महाविद्यालयांत, आणि कॅलिफोर्नियात वाढलेल्या फिलिपिनो लेकींतही, तो शब्द मोठ्या उत्कटतेने उच्चारला जातो. ग्रेस नोनो या गायिका-संशोधिकेने मात्र डोंगरांत व बेटांवर आजही हयात असलेल्या अशा साधिकांकडे जाऊन, त्यांच्या पायाशी बसून, त्यांची गाणी आणि त्यांची चरित्रे नोंदवली आहेत, आणि मला तीच वाट खरी वाटते. पूर्वजांना हाक मारण्याआधी त्यांच्या जिवंत वारसांचे दार ठोठावले पाहिजे. तसे न करता अंगावर चढवलेली ओळख उत्सवापुरती टिकते.

बोंतोकहून जीपनीच्या टपावर बसून आम्ही चिको नदीच्या काठाकाठाने पुढे गेलो. खाली हिरवी-करडी नदी, वर भाताच्या पायऱ्यापायऱ्यांची शेते. 1970 नंतरच्या दशकात मार्कोस सरकारने या नदीवर चार धरणे बांधण्याचा घाट घातला होता आणि जागतिक बँकेचे पाठबळ त्याला होते. बोंतोक व कलिंगा मुलखातील लोकांनी तो हाणून पाडला. मोजणीदारांचे तळ ज्यांनी उखडून टाकले त्यांत बायका पुढे होत्या, आणि बंदूकधाऱ्यांसमोर त्या गोंदलेल्या उघड्या छातीने उभ्या राहिल्या. कलिंगांचा नेता माक्लिइंग दुलाग याला 24 एप्रिल 1980 रोजी सैनिकांनी त्याच्या घरी गोळ्या घालून मारले. धरणे झाली नाहीत. नदी अजून वाहते आहे, हे सांगताना जीपनीतील एका म्हातारीने हात लांब करून नदी दाखवली, आणि तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत चढत गेलेले नेच्याच्या पानांचे निळे-काळे गोंदण बाहीखालून उघडे पडले.

रस्ता संपला तेथून चढण चढून आम्ही बुस्कालानला पोहोचलो. हे आपो वांग-ओद यांचे गाव. 1917 च्या सुमाराचा त्यांचा जन्म. गोंदणे ही पुरुषांची विद्या असताना त्यांनी ती कोवळ्या वयात वडिलांकडून घेतली. मुंडकी मारून आणणाऱ्या योद्ध्यांची छाती गोंदण्याचा काळ गेला, शिकल्यासवरल्या मुली हातावरचे गोंदण लांब बाह्यांत लपवू लागल्या, आणि विद्या फक्त रक्ताच्या नात्यातच द्यावयाची असा दंडक. त्यांना स्वतःचे मूलबाळ नाही. ही परंपरा त्यांच्याबरोबरच संपावयाची होती. त्यांनी भावंडांच्या नाती, ग्रेस पालिकास आणि एलियांग विगान, यांच्या हाती काटा दिला. आज गावातील कितीतरी मुली गोंदतात, आणि गोंदणाच्या मिळकतीवर लाकडी घरांच्या जागी सिमेंटची घरे उभी राहिली आहेत. याला बाजारीपणा म्हणणारे लोक मला मनिलात भेटले होते. ज्या गावच्या मुलींना आता घरकामासाठी समुद्रापार जावे लागत नाही, त्या गावाविषयी तो शब्द वापरण्यास माझी जीभ धजावत नाही.

एका पडवीत विशीची एक मुलगी एका परिचारिकेच्या हातावर काम करीत होती. त्या परिचारिकेची आजी याच खोऱ्यातील. ती स्वतः परमुलखात वाढलेली. करवंटीत काजळी आणि पाणी कालवलेले. बांबूच्या काटकीच्या टोकाला पपनसाचा ताजा काटा आडवा बसवलेला. प्रत्येक माणसागणिक नवा. डाव्या हाताने काटकी धरून उजव्या हातातील छडीने ती तिच्यावर ठोके देत होती, टक टक टक टक, इतक्या सम लयीत की अंगणातील कोंबड्यांनाही त्याची सवय झालेली दिसली. प्रत्येक ठोक्यास काळा ठिपका, ठिपक्याभोवती लाल कडी, मग रक्त, मग फडक्याचा एक फटकारा, आणि रक्ताखालून वर येणारी गोमेची आकृती. परिचारिकेने डोळे मिटले नव्हते. ती स्वतःच्या हाताकडे, एखादे पत्र वाचावे तशी, पाहत होती.

मला माझी आजी आठवली. तिच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरवे ठिपके होते, उजव्या हातावर तुळस आणि डाव्यावर विंचू. बाईमाणूस मेल्यावर सोबत काय येते, तर दागिने नव्हे, गोंदणच तेवढे येते, असे ती सांगे. कलिंगा म्हाताऱ्याही हेच मानतात. मी शाळेत जाऊ लागल्यावर मैत्रिणींसमोर मला तिच्या त्या हातांची लाज वाटत असे, आणि एकदा शाळेच्या समारंभाला तिने येऊ नये म्हणून मी तिला तारीखच चुकीची सांगितली होती. तिला ते कळले होते. ती काही बोलली नाही.

आपो वांग-ओद हल्ली फक्त तीन ठिपके काढतात, ती त्यांची सही. त्यासाठी मी क्रमांकाचा कागद घेतला होता. माझ्या सोबतिणीने घेतला नव्हता. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "मी सरोवराकाठची, आते. डोंगराचे हे त्यांचे आहे. माझ्या वाट्याला अक्षरे आली आहेत." मग तिने 2021 सालची गोष्ट सांगितली: एका विदेशी कंपनीने या विद्येची शिकवणी इंटरनेटवर विकावयास काढली, नातीने त्यास जाहीर विरोध केला, आणि कंपनीने संमतीचा पुरावा म्हणून पुढे केला तो म्हातारीचा अंगठा उमटलेला करार. मूलवासींच्या सरकारी आयोगाने चौकशी केली, शिकवणी मागे घेतली गेली. मी त्या अंगठ्याचा विचार करीत राहिले. शके 822 मध्ये अंगकतनच्या हाती कागद दिला गेला तो तिला मोकळे करण्यासाठी. आणि साक्षर शतकात एका शंभरी ओलांडलेल्या कलावतीपुढे कागद आला तो तिला बांधण्यासाठी. मी माझा क्रमांक रांगेतील पुढच्या बाईला दिला. आजीचे गोंदण ज्या हातावर यावयाचे होते, त्या हातावर दुसऱ्या कोणाच्या आजीची सही घेण्याचा मला अधिकार नव्हता. आपो आपल्या बाकावर वाकून बसल्या होत्या. मी त्यांना हात जोडले, त्यांनी मान हलवली, आणि त्यांची छडी पुन्हा चालू लागली.

खाली बोंतोकला पोहोचेपर्यंत रविवारची दुपार झाली होती. हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या बायकांचा हा सुट्टीचा दिवस; उंच इमारतींच्या सावलीत रस्त्यावर पुठ्ठे अंथरून त्या हजारोंनी बसतात, डबे उघडतात, केस विंचरून देतात. फोनच्या पडद्यावर मला तिची आई तशीच बसलेली दिसली, मागे मैत्रिणींचा कलकलाट. मायलेकींचे बोलणे तागालोगमध्ये झाले; त्याचा अर्थ मुलीने मला मागाहून सांगितला, पण 'अनाक' हा शब्द मला तेव्हाच कळला होता. आईने विचारले, गोंदवून घेतलेस का, दुखले का. मुलगी नाही म्हणाली, आणि म्हणाली, थांब, तुला काही दाखवते. तिने माझी वही उघडली, आईचे नाव बायबायिनमध्ये लिहिले, एका अक्षराच्या डोक्यावर कुदलितचा ठिपका जपून ठेवला, आणि पान पडद्यासमोर धरले.

आईने ते बराच वेळ निरखले. शेजारणींनाही दाखवले. मग तिने विचारले, माझ्या नावाच्या शेवटी 'न' आहे, तो कुठे आहे.

"तो लिहीत नाहीत, नानाय," मुलगी म्हणाली. "तो वाचणाऱ्याने म्हणायचा असतो."

त्या गजबजलेल्या रस्त्यावर पुठ्ठ्यावर बसलेल्या त्या बाईने डोळे बारीक करून, एकेक अक्षर जोडीत, आपले नाव मोठ्याने वाचले, शेवटच्या 'न' सह.